नोंदवही कशाची ठेवाल: स्वयंपाकाची, पाखरांची, परसाची की जुन्या दगडांची?

रोजच्या आवडीचं काहीतरी नेमानं लिहून ठेवावं असं वाटणारी माणसं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे भरपूर भेटतात. निवृत्त शिक्षक, दुकान सांभाळणारे, पोरं शाळेला गेल्यावर तासभर मोकळ्या होणाऱ्या बायका. आपल्याकडे लिहिण्याची हौस मुळात आहेच; कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. तिथं कथा-कवितेला टाळ्या पडतात, पण घरच्या चटणीचं प्रमाण किंवा बांधावर यंदा पहिल्यांदा दिसलेला धोबी पक्षी हेही लिहिण्याजोगं आहे असं फारसं कुणाच्या मनात येत नाही. मला ते लिखाण फार मोलाचं वाटतं. म्हणून ज्यांचं ‘सुरू करायचंय, पण कशावर?’ इथं अडलंय, त्यांच्यासाठी चार विषय शेजारी शेजारी ठेवून बघते.

निवडताना लोक आधी खर्च आणि वेळ विचारतात. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: यातलं काय तुमच्यासाठी थांबेल आणि काय थांबणार नाही?

या प्रश्नावर स्वयंपाकाची वही सगळ्यांच्या पुढं जाते. धोबी पुढच्या थंडीत परत येईल, हलशीचं देऊळ आठशे वर्षं उभं आहे, पण घरातली चव ज्या हातांत आहे ते हात बहुतेक घरांत सत्तरी-ऐंशीचे झालेत. उन्हाळ्यातली वर्षाची चटणीच घ्या. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी, इथवर सगळ्या घरांचं एकमत. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. संकेश्वरी आपल्याच हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या नावाची. पण किलोला ही किती आणि ती किती, खोबरं किती, धने किती, लसूण कांडपाच्या आधी घालायची की घरी आणल्यावर, हे गल्लीगल्लीत बदलतं. एकाच वाड्यातल्या दोन जावांची चटणी सारखी नसते. हे सगळं आज फक्त डोक्यात आणि हातात आहे, कागदावर कुठंच नाही.

ते कागदावर आणायची एक रीत आहे. प्रमाण विचारायचं नाही, कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं.

‘आजी, मीठ किती घातलीस?’

‘बघून घातलं की गं.’

त्याऐवजी ओट्यावर वजनकाटा ठेवा. आजीनं डब्यात हात घालायच्या आधी मिठाचा डबा तोला, घालून झाल्यावर पुन्हा तोला, आणि जो फरक येईल तो लिहा. धन्यांचं, तिळाचं, तेलाच्या किटलीचं तसंच. तिचा हात अडत नाही, तिला परीक्षा दिल्यासारखंही वाटत नाही, आणि तुम्हाला खरा आकडा मिळतो. भाजणं मात्र काट्यावर येत नाही. तिथं बघून लिहावं लागतं: ‘खोबरं कडेनं तांबूस झालं तेव्हा उतरवलं, मधे अजून पांढरं होतं.’ मिनिटांच्या आकड्यापेक्षा अशी ओळ जास्त कामाची, कारण प्रत्येकाची कढई आणि आच वेगळी.

काही पदार्थ लिहून पुरे होत नाहीत, हेही आधीच सांगायला हवं. मांडे हे त्यातलं मोठं उदाहरण. हातावर पसरत पसरत मोठी होणारी ती पोळी, उपड्या तव्यावर भाजणं, गरम आहे तोवर घालायची घडी, आत पिठीसाखर, खसखस, वेलदोडा. साहित्य चार ओळींत लिहून होतं. मनगट कसं फिरतं ते चार पानांत मावत नाही. तिथं मोबाईलवर फक्त हातांचं चित्रण करा आणि वहीत पीठ किती वेळ मळलं, किती वेळ मुरवलं तेवढं लिहा. या वहीची खरी अडचण एकच: ती एकट्यानं लिहून होत नाही. दुसऱ्याचा वेळ, मूड आणि तब्येत यांवर सगळं अवलंबून. घरात वडीलधारी बाई नसेल तर शेजारच्या काकूंकडे, मावशींकडे जावं लागतं, आणि आधी दोनदा नुसतं चहाला जावं लागतं.

पाखरांच्या वहीचं नेमकं उलट. ती एकट्यानं ठेवता येते, कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, आणि आज सकाळी सुरू करता येते. या बाबतीत आपला जिल्हा फार नशीबवान आहे. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीचं दाट रान, तिथं धनेश आणि शीळकरी कस्तुर. पूर्वेकडे घटप्रभेच्या काठी धुपदाळच्या पाण्यावर हिवाळी पाहुणे. घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४ पासूनचं आहे आणि थंडीत तिथं कांड्या करकोचे आणि पांढरे करकोचे येतात. मधे बेळगावभोवती भाताची शेतं: बगळे, टिटव्या, खंड्या, तारेवर बसलेले वेडे राघू. पण वही चालते ती लांबच्या सहलींवर नाही. ती चालते रोजच्या वाटेवर, म्हणजे किल्ला तलावाच्या फेरीवर, टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली, किंवा स्वतःच्या गॅलरीत.

परसातल्या शेवग्याची एखादी वाळकी फांदी तोडायच्या आधी तिला खालच्या बाजूनं नीट बघा. रुपयाएवढं गोल भोक दिसलं तर ते तांबटाचं घर असू शकतं. भर उन्हात ‘टुक टुक टुक’ एका तालात चालू असतं ते त्याचंच. किती वाजता आत गेला, चोचीत काय होतं, पिल्लाचं डोकं भोकातून पहिल्यांदा कधी दिसलं, हे आठवडाभर लिहिलंत तर ते चार पानं वाचणारा माणूस स्वतःच्या परसात जाऊन फांद्या बघेल. असं लिखाण मला दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोपेक्षा जास्त आवडतं.

दुसरी सवय तारखांची. पावशाचं ‘पेरते व्हा’ यंदा पहिल्यांदा कधी ऐकलं? चातक कधी दिसला? धोबी शेतात कधी उतरला आणि कधी गेला? एका वर्षाची तारीख नुसती आठवण असते. पाच वर्षांच्या तारखा एकाखाली एक आल्या की पावसाबरोबर त्यांचं मागंपुढं होणं दिसायला लागतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या टाकल्या तर अभ्यासकांनाही उपयोगी पडतात, आणि आवाज ओळखायला मर्लिन हे ॲप मोफत आहे. खर्च म्हणाल तर आठ बाय बेचाळीसची साधी दुर्बीण पुरते. कॅमेरा पहिल्या वर्षी घेऊ नका असं मी आग्रहानं सांगते, कारण कॅमेरा हातात आला की माणूस बघायचं सोडून टिपायला लागतो आणि वही कोरी राहते. भीमगडच्या रानात जायचं असेल तर वन खात्याची परवानगी काढूनच जा.

या दोन वह्या समोरासमोर ठेवल्या तर पाखरांच्या वहीत सातत्य सोपं, स्वयंपाकाच्या वहीत महत्त्व जास्त. पाखरांची नोंद पाच मिनिटांत होते. एका पदार्थाची नीट नोंद व्हायला तो तीन-चार वेळा होताना बघावा लागतो. उलट घरातली मुलं कोणती वही उघडतील, तर स्वयंपाकाची. आपल्याकडे बरीच मुलं इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात जातात आणि मराठी बोलतात झक्कास, पण वाचायचा कंटाळा करतात. पुढं नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेल्यावर आजीच्या चटणीसाठी तरी ती मराठी पान वाचतील, अशी माझी पक्की खात्री आहे.

परसाची वही थोडक्यात सांगते, कारण तिचा आनंद मोठा असला तरी तिच्यात लिहिण्याजोगं हळूहळू साठतं. खानापूरच्या लाल मातीच्या कुंड्या, चार ओळी शेपू-लाल माठाच्या, मांडवावर घेवडा आणि दोडका. पेरल्याची तारीख, पहिली तोडणी, कोणती कीड आली आणि काय केल्यावर गेली, एवढं पुरे. आपल्या पावसात मुळं कुजतात आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ लागते, तेव्हा जून आणि मे या दोन महिन्यांच्या नोंदी सगळ्यांत कामाच्या. ज्यांना घर सोडून जाता येत नाही, घरात आजारी माणूस आहे, गुडघे दुखतात, त्यांनी बिनदिक्कत हीच घ्यावी. परसात पाखरंही येतातच.

जुन्या दगडांच्या वहीला वाहन लागतं, सुट्टीचा दिवस लागतो आणि सोबत लागते. पण बघायला काय नाही? बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, रट्ट राजवटीतली, १२०४ च्या सुमाराची. छतातलं दगडी कमळ मान वर करून कितीही वेळ बघावं. तिथलेच १२०४ चे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्याच किल्ल्यात सफा मशीद. हलशीला कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ, दोन गाभारे समोरासमोर. किल्ले हवेत तर येळ्ळूरचा राजहंसगड आणि हुक्केरीकडचा वल्लभगड.

तरी या प्रसिद्ध जागांवर पुष्कळ लिहून झालंय. नव्यानं सुरू करणाऱ्यानं आपल्याच गावच्या मारुतीच्या देवळामागं पडलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, घ्यावा असं माझं मत. तो खालून वर वाचायचा: तळाला लढाई आणि पडलेला वीर, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर कलश, चंद्र-सूर्य. सकाळी किंवा संध्याकाळी तिरकं ऊन असताना फोटो काढला तर झिजलेली रेषही दिसते. दुपारी काहीच दिसत नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल काहीही लावू नका. लेख असेल तर तो बहुधा हळेकन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये असतो, तेव्हा कन्नड किंवा इतिहास शिकवणारे एखादे सर गाठा. ही सोबत लिखाणाइतकीच टिकते.

मग कुणी काय घ्यावं? घरात सत्तरीपुढची स्वयंपाक जाणणारी बाई असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून या उन्हाळ्यात चटणीपासून सुरुवात करा. ती नसेल आणि रोज सकाळी फिरायची सवय असेल तर पाखरं. दुचाकी आहे, रविवार मोकळा आहे, दोन मित्र आहेत, तर दगड. एकदम दोन घ्यायच्या असतील तर स्वयंपाक आणि पाखरं यांची जोडी जमते, कारण एक घरातली आणि एक बाहेरची. परस आणि दगड मात्र एकमेकांच्या रविवारावर टपून असतात.

वही कागदाची की मोबाईलमधली, हेही विषयावर ठरतं. स्वयंपाकाला कागदच बरा, जाड पुठ्ठ्याची वही, डाव्या पानावर आकडे आणि उजव्या पानावर तिनं मधेच सांगितलेल्या गोष्टी, तिच्याच शब्दांत. पाखरांना मोबाईल सोयीचा, तारीख-वेळ आपोआप पडते. दगडांच्या फोटोंना त्याच दिवशी घरी येऊन नाव द्या: गाव, देऊळ, दगड कुठल्या दिशेला तोंड करून आहे, आणि सोबत कोण होतं.