श्रावणात दारू सोडायची: घरी की दाखल होऊन?

धायरीतला माझा मावसभाऊ गटारीनंतर श्रावण पाळतो आणि गणपती गेले की पुन्हा क्वार्टरवर येतो. "दरवर्षी घरीच सोडतो, काही होत नाही," असं मावशी कौतुकाने सांगायची. पहिली दोन वर्षं नुसता घाम आणि गेलेली झोप. तिसऱ्या वर्षी चहाचा कप हातात ठरेना. गेल्या वर्षी गटारीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीत फिट आली. आणि हो, कांदा हुंगवून फिट थांबत नाही.

शनिवार-रविवारपुरतं पिणाऱ्याला ही भीती सहसा नसते. सकाळी हात थरथरू नयेत म्हणून घोट लागतो, अशांविषयी हे आहे.

दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचं काम वाढवते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचं काम दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू याच्या उलट जुळवून घेतो. दारू अचानक थांबली की ती चेतवणारी बाजू मोकाट सुटते. असं वारंवार झालं की मेंदू दर खेपेला आणखी हुळहुळा होत जातो, हा विचार बॅलेंजर आणि पोस्ट या संशोधकांनी 1978 मध्ये मांडला. त्याला किंडलिंग म्हणतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते स्पष्ट दिसलंय. 1988 च्या एका अमेरिकी पाहणीत, दारू सोडताना फिट आलेल्यांपैकी 48 टक्क्यांनी आधी पाच किंवा जास्त वेळा उपचार घेऊन दारू सोडलेली होती. फिट न आलेल्यांत असे 12 टक्के. म्हणजे "मागच्या वेळी घरी निभावलं" हे घरी ठेवायचं कारण होत नाही, उलट ते दाखल करायचं कारण ठरतं.

घरी एकदम बंद करण्यात पैसे वाचतात आणि सोसायटीत बोभाटा होत नाही (खरं कारण बहुतेकदा हेच). पण फिट साधारण 6 ते 48 तासांत येते आणि भ्रम, ताप, भास 48 ते 96 तासांत. पहिला दिवस पार पडला म्हणून घरचे निर्धास्त होतात, नेमकं तेव्हाच. तेव्हा संध्याकाळच्या गर्दीत सिंहगड रस्त्यावरून ससून रुग्णालय गाठायचं आहे.

डॉक्टरांनी बांधून दिलेल्या, रोज कमी होणाऱ्या क्लोरडायझेपॉक्साइडच्या (मेंदू शांत ठेवणाऱ्या औषधाच्या) गोळ्या घरी घेणं हा मधला रस्ता. आधी कधी फिट किंवा भ्रम झालेला नाही, दुसरा मोठा आजार नाही, चोवीस तास कुणी सोबत आहे आणि डॉक्टर वरचेवर तपासणार आहेत, एवढं जमत असेल तरच. गोळ्या घरच्यांच्या ताब्यात ठेवा. त्यांच्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावतो.

दाखल केल्यावर फिट आली तर शिरेतून औषध तिथल्या तिथे मिळतं, बी-1 जीवनसत्त्वही टोचता येतं. पण आठवड्याने घरी आणलं आणि पुढे काहीच केलं नाही, तर पुन्हा पिणं आणि पुन्हा सोडणं आलंच. खेपांचा आकडा वाढतच राहतो. म्हणून येरवड्याचं मुक्तांगण, 1986 पासूनचं, किंवा तसा पुढचा मुक्काम आधीच ठरवून ठेवा. तोवर बाटली लपवून दारू एकदम बंद पाडू नका.

यंदा आम्ही दाखल करतोय. "रोज किती पितो" याबरोबर "आजवर किती वेळा सोडली" हेही डॉक्टरांना सांगायचं म्हणून मावशीने कालनिर्णयच्या पाठीवर लिहून काढलं: पाच श्रावण, एक कावीळ, धाकटीचं लग्न.