अल्फा-ग्लुकोसिडेजची चाचणी: यीस्टचे एन्झाइम की उंदराच्या आतड्यातले?

अल्फा-ग्लुकोसिडेज हे माल्टोजसारख्या साखरा तोडून ग्लुकोज सोडणारे एन्झाइम; एखादा पदार्थ त्याला रोखतो का, हे या चाचणीत पाहतात. यीस्टचे एन्झाइम शुद्ध आणि सहज मिळणारे. त्याला तोडायला दिलेले पीएनपीजी हे कृत्रिम संयुग तुटले की पिवळा पॅरा-नायट्रोफिनॉल सुटतो, तो 405 नॅनोमीटरला मोजायचा. झटपट काम.

पण अकार्बोज हे मधुमेहावरचे औषध यीस्टच्या एन्झाइमला फारसे रोखत नाही. सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या एन्झाइमला मात्र जोरात रोखते. म्हणून यीस्टवर ‘अकार्बोजपेक्षा सरस’ ठरलेला वनस्पतीचा अर्क माणसातही चालेल, असे मानणे मला धोक्याचे वाटते. औषधाचा दावा करायचा तर उंदराच्या आतड्यातले एन्झाइमच वापरावे, सोबत तोडायला माल्टोज किंवा सुक्रोज. वेळ जास्त लागतो, मिश्रणही अशुद्ध असते. सुटलेले ग्लुकोज ग्लुकोज-ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज या एन्झाइमांनी रंग तयार करून मोजतात. तिथे अर्कातले अँटिऑक्सिडंट रंग दाबू शकतात आणि एन्झाइम रोखल्याचा भास होतो, तेव्हा ठरावीक ग्लुकोज घातलेला कंट्रोल (तुलनेचा नमुना) हवाच.