जुन्या कराराच्या गोष्टी, बारा शनिवार: इंदूरमधील एका मराठी अभ्यासवर्गाचा अनुभव

इंदूरमध्ये मराठीतून पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, शिस्तीने अभ्यास करायला मिळणे आता फार दुर्मीळ झाले आहे. घरातली संध्याकाळची प्रार्थना आम्ही अजून मराठीत करतो, पण मुलांच्या शाळा हिंदी किंवा इंग्रजी आहेत, रविवारच्या उपासनेला हिंदी कानावर पडते, आणि त्यामुळे ‘स्तोत्रसंहिता’ किंवा ‘शास्ते’ ही पुस्तकांची नावेसुद्धा आमच्या घरांतल्या तरुणांना ऐकून ठाऊक असतात, वाचून नव्हे. म्हणून स्नेहलतागंजात एका कुटुंबाच्या माडीवर जुन्या करारातील गोष्टींचा मराठी अभ्यासवर्ग चालतो असे कळले, तेव्हा मी लगेच नाव दिले. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, पुनरुत्थानाच्या सणाचा (ईस्टरचा) आदला दिवस वगळून, बारा शनिवार मी तिथे गेले. वेळ सायंकाळी साडेपाच ते साडेसात, शुल्क 900 रुपये, त्यात टिपणांची वही आणि चहा. आम्ही सतरा जण होतो. सर्वांत लहान अकरावीतली एक मुलगी आणि सर्वांत वडील एक 78 वर्षांचे काका.

शिकवणाऱ्या बाई निवृत्त शाळाशिक्षिका आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली आणि माझ्या मते संपूर्ण वर्गाचे मोल त्या एका गोष्टीत आहे. लहानपणी रविवारच्या शाळेत आपल्याला दावीदासारखे शूर व्हा, दानीएलासारखे निर्भय व्हा, योसेफासारखे शुद्ध राहा असे शिकवले जाते. बाईंनी करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 10 उघडायला लावला. अरण्यात इस्राएल लोकांवर जे गुदरले ते उदाहरणादाखल घडले आणि आपल्या बोधासाठी लिहिले गेले, असे पौल तिथे म्हणतो. पण तो ज्यांची उदाहरणे देतो ते लोक मूर्तीपुढे नाचलेले आणि देवाविरुद्ध कुरकुर केलेले आहेत. म्हणजे शास्त्रातील माणसे अनुकरणासाठीच तिथे ठेवलेली आहेत हा आपला समज पौलाच्या वाचनाशी जुळत नाही. शास्त्रात एखादी गोष्ट सांगितली आहे, एवढ्यावरून ती शास्त्राला मान्य आहे असे ठरत नाही. बाईंचा नियम साधा होता: आधी गोष्ट पूर्ण ऐका, तीत देव काय करतो आणि कुठे गप्प राहतो ते पाहा, आणि मगच स्वतःच्या घराकडे वळा.

हा नियम कागदावर कोरडा वाटेल, पण ‘दुसरे शमुवेल’ या पुस्तकाचा अकरावा अध्याय वाचताना त्याची ताकद कळली. बाईंनी प्रत्येकाच्या हाती पेन्सिल दिली आणि ‘पाठवणे’ ही क्रिया जिथे जिथे येईल तिथे खूण करायला सांगितली. दावीद राजा सेनापती यवाबाला लढाईवर पाठवतो आणि स्वतः यरुशलेमेत राहतो. छतावरून दिसलेल्या बथशेबेची चौकशी करायला माणूस पाठवतो. तिला आणायला जासूद पाठवतो. तिचा नवरा उरीया याला बोलावणे पाठवतो. आणि शेवटी उरीयाच्याच हाती त्याच्या मरणाचे पत्र पाठवतो. पान पेन्सिलीच्या खुणांनी भरून गेले. मग बाराव्या अध्यायाचे पहिले वाक्य आले: परमेश्वराने नाथान संदेष्ट्याला दावीदाकडे पाठवले. खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. आजवर हा अध्याय मी वासनेविषयीचा म्हणून ऐकला होता. तो अधिकाराविषयीही आहे, दुसऱ्या माणसाला हवे तिथे पाठवण्याची मुभा ज्याच्या हाती आहे त्याच्याविषयी आहे, हे मला त्या पेन्सिलीने दाखवले. आमच्यातील एक बहीण मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहेत आणि वॉर्डाचा ड्यूटी चार्ट त्याच बनवतात. सलग रात्रपाळीला आपण कोणाला पाठवतो आणि कोणाला कधीच पाठवत नाही, याचा विचार त्या आठवडाभर करत होत्या, असे त्यांनी पुढच्या शनिवारी सांगितले.

रूथच्या पुस्तकाला तीन शनिवार दिले होते, आणि तिथे हा वर्ग सर्वांत चांगला झाला. मराठी शास्त्रात रूथ शेतात ‘सरवा’ वेचते. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे म्हणजे सरवा; हा आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडचा शब्द आहे, आणि त्या एका शब्दाने बेथलेहेम माळव्याच्या जवळ येते. बाईंनी आधी लेवीय, अध्याय 19 वाचायला लावला. शेताचे कानेकोपरे झाडून कापू नका, पडलेला सरवा गोळा करू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, अशी तिथे आज्ञा आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात विधवा आणि अनाथ यांचीही नावे येतात. रूथ विधवा आहे आणि मवाबी, म्हणजे परकीही आहे. तेव्हा ती बवाजाच्या शेतात जाते ती भीक मागायला जात नाही. नियमशास्त्राने तिला दिलेला हक्क घ्यायला जाते. बवाजाचा चांगुलपणा त्या हक्काच्या पुढे सुरू होतो. तो गड्यांना बजावतो की तिला हात लावू नका, तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या भांड्यातले पाणी पी असे तिला सांगतो, दुपारच्या जेवणाला तिला बसवून घेतो, आणि शेवटी गड्यांना सांगतो की बांधलेल्या पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे उपसून टाका आणि तिला वेचू द्या. मदत घेणारीला ती मदत वाटू नये, स्वतःच्या कष्टाची कमाई वाटावी, याची ही काळजी आहे. संध्याकाळी रूथने झोडपलेले सातू एफाभर निघाले. एफा म्हणजे अभ्यासक साधारण 22 लिटर धरतात. बाईंनी तेलाचे पंधरा किलोचे दोन डबे आणून ठेवले होते. एक काठोकाठ भरला आणि दुसरा पावाहून थोडा अधिक. एवढे ओझे रूथ पायी गावात घेऊन गेली, हे पाहिल्यावर तिची सासू नामी हिने कौतुकाने विचारलेला ‘आज कुठे वेचलेस?’ हा प्रश्न वेगळाच ऐकू येतो.

इथे मला स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. मी छावणीच्या धान्य मंडीत एका अडत्याच्या पेढीवर हिशेब लिहिते. रूथचे शनिवार आले तेव्हा नव्या गव्हाची आवक जोरात होती. गोण्या भरताना आणि तोलताना फरशीवर दाणे सांडतात, आणि ते वेचायला चार-पाच बाया सूप व कापडी पिशव्या घेऊन येतात. दोन वर्षांपूर्वी शेठजींना मीच सुचवले होते की या बायांना आत येऊ देऊ नये, सांडलेला गहू झाडून, चाळून पुन्हा गोणीत भरावा, कारण हंगामभराचा हिशेब केला तर तो नगण्य नसतो. तेव्हापासून त्या बाया ओट्याखाली उभ्या राहत आणि हम्मालांची नजर चुकवून मूठभर दाणे उचलत. त्यांच्यातली एक माझ्या आईच्या वयाची आहे. लेवीयातील ते वचन मी किमान वीस वेळा वाचले असेन, आणि मंडीतील त्या फरशीशी त्याचा काही संबंध आहे असे मला एकदाही वाटले नव्हते. सोमवारी मी शेठजींपुढे माझा सल्ला मागे घेतला. ते आमच्या धर्माचे नाहीत आणि मी कारणही लांबवले नाही. ‘असू द्या, त्यांच्या वाटणीचे आहे ते,’ एवढेच ते म्हणाले. आता तोलाई संपली की त्या बाया ओट्यावर येतात. हे आमच्या एका पेढीपुरते आहे, मंडीत इतरत्र त्यांना अजून हुसकावले जाते.

योसेफाच्या गोष्टीनेही मला बरेच दिले. उपदेशात आपण खड्ड्यातून थेट सिंहासनावर पोहोचतो. बाईंनी फळ्यावर वर्षे मांडली: सतराव्या वर्षी भावांकडून वीस रुप्यांना विकला गेला, तिसाव्या वर्षी मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला, मग सुबत्तेची सात वर्षे आणि दुष्काळाची दोन, म्हणजे भावांना ओळख दिली तेव्हा सुमारे 22 वर्षे लोटली होती. आणि तेव्हाही त्याने त्यांना पाहताक्षणी मिठी मारली नाही. तो दुभाष्यामार्फत बोलला, बाजूला जाऊन रडला, त्यांची परीक्षा पाहिली. ज्या भावाने, यहूदाने, त्याला विकण्याची सूचना केली होती तोच यहूदा धाकट्या बन्यामिनाच्या जागी मला गुलाम ठेवा असे म्हणाला, त्यानंतरच योसेफाने बाकी सर्वांना बाहेर काढून स्वतःची ओळख दिली. क्षमा आणि समेट यांत अंतर आहे, आणि समेटापूर्वी अपराध करणारा बदलला आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार दुखावलेल्याला आहे, हे या अध्यायांतून स्वच्छ दिसते. घरात मार खाल्लेल्या बाईला आपल्या मंडळ्यांत ज्या घाईने ‘क्षमा करून परत जा’ असे सांगितले जाते, ते पाहता हा पाठ प्रत्येक पाळकाने आणि प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाने बसून ऐकावा असा आहे.

उणीव सांगायची तर तीही याच ठिकाणी आहे. शास्ते या पुस्तकाला एकच शनिवार होता, आणि त्यात दबोरा, गिदोन व शमशोन यांच्यातच वेळ संपला. अकरावीतल्या मुलीने इफ्ताहाच्या लेकीविषयी विचारले: बापाने नवस केला आणि मुलीचा जीव गेला, मग देव काही बोलला कसा नाही? बाईंनी प्रामाणिक उत्तर दिले की त्या नवसाला देवाने होकार दिला असे तिथे कुठेही लिहिलेले नाही, आणि त्या पुस्तकाचे शेवटचे वाक्यच असे आहे की ज्याला जे बरे दिसे ते तो करी. उत्तर बरोबर होते, पण पाच मिनिटांचे होते. त्या मुलीचा चेहरा पाहून मला वाटले की योनाच्या माशाला दिलेला अर्धा तास तिच्या प्रश्नाला द्यायला हवा होता. दावीदाची मुलगी तामार हिच्यावर सावत्र भावाने केलेल्या अत्याचाराची गोष्ट, म्हणजे दुसऱ्या शमुवेलाचा तेरावा अध्याय, वर्गात आलीच नाही. दावीदाच्या ‘पाठवण्या’नंतर लगेच त्याच्याच घरात काय घडले आणि तो कसा नुसता संतापून गप्प बसला, हे वाचल्याशिवाय आधीचा अध्याय पुरा होत नाही. लहान मुले वर्गात नसतात, तेव्हा संकोचाचे कारण मला दिसले नाही. मी हे बाईंना समोरासमोर सांगितले आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतले.

टिपणांच्या वहीची छपाई मात्र निराश करणारी आहे. फोटोकॉपी फिकी, अक्षर बारीक, आणि वचनांचे आकडे दोन ठिकाणी चुकलेले आहेत. जिना अरुंद आणि उभा आहे. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी याचा विचार करूनच नाव द्यावे, 78 वर्षांच्या काकांना दर वेळी दोघांनी हात द्यावा लागे. भाषेची अडचण मात्र समंजसपणे हाताळली जाते. तरुण मंडळी हिंदीत प्रश्न विचारतात, बाई मराठीत उत्तर देतात आणि अवघड शब्द फळ्यावर लिहितात. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने गोव्यात मराठी ओव्यांत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले आणि त्याचा पहिला भाग जुन्या कराराच्याच कथांचा आहे, हे बाईंनी एकदा ओघात सांगितले. या कथा आपल्या भाषेत चारशे वर्षांपासून नांदत आहेत हे कळल्यावर मुलांचा मराठीविषयीचा संकोच थोडा कमी झालेला मी पाहिला. अकरावीतल्या मुलीचा तो प्रश्नही हिंदीत सुरू होऊन मराठीत संपला होता.

शुल्काच्या मानाने हा वर्ग खूपच अधिक देतो, आणि विवाहित जोडप्यांनी एकत्र यावे असे मी आग्रहाने सुचवीन, कारण घरी परतताना होणारे बोलणे वर्गाइतकेच मोलाचे असते. ज्यांना चटकन लागू करता येईल असा उपदेश हवा आहे त्यांना पहिले दोन शनिवार संथ वाटतील. पुढचा वर्ग दिवाळीनंतर सुरू होणार असून त्यात शास्ते या पुस्तकाला दोन शनिवार देण्याचे बाईंनी कबूल केले आहे. येणाऱ्यांनी स्वतःचे मोठ्या अक्षराचे मराठी शास्त्र आणि पेन्सिल आणावी, खोलीतला उजेड सहानंतर अपुरा पडतो, आणि रूथचे चार अध्याय घरी एकदा मोठ्याने वाचून यावे. अर्ध्या तासाच्या आत वाचून होतात.