फ्लोरेन्स आणि पेरेतोला विमानतळ: सिम्युलेटरमध्ये काही महिने उडल्यानंतर

गेले काही महिने संगणकावरचा विमान-सिम्युलेटर सुरू केला की मी बहुतेक वेळा फ्लोरेन्सच निवडतो. शहर फोटोग्रामेट्रीतलं, म्हणजे हवाई छायाचित्रांवरून उभं केलेलं. विमानतळासाठी वेगळं अ‍ॅड-ऑन, म्हणजे सिममध्ये जोडायचं जादा पॅकेज, घेतलंय. सुरुवातीला डोळ्यांत भरला तो कॅथेड्रलचा घुमट. पण आता मी पुन्हा पुन्हा जातो ते तिथल्या रस्त्यांची ठेवण बघायला.

सेसना १७२ हे छोटं विमान, दीड हजार फूट, वेग ८५ नॉटच्या आसपास. पियाझ्झा देल्ला रेपुब्लिका या चौकाभोवतीचे रस्ते काटकोनात छेदतात, ती रोमन वसाहतीची आखणी. तिच्याबाहेर पडलं की गल्ल्या वाटेल तशा वळू लागतात. सांता क्रोचे चर्चच्या पश्चिमेला घरांची एक रांग चक्क कमानीसारखी वाकलीये. तिथे रोमन अँफिथिएटर होतं आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच्याच भिंतींवर घरं बांधली. खालून चालताना ती एक वळणाची गल्ली वाटेल, वरून मात्र सगळा लंबगोल एका नजरेत येतो. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी सिम पॉज करून बराच वेळ नुसता बघत बसलो.

जुन्या शहराला उत्तरेकडून वेढणारे रुंद रस्ते म्हणजे चौदाव्या शतकातल्या तटाची जागा. १८६५ ते १८७१ फ्लोरेन्स इटलीची राजधानी होतं. त्या काळात वास्तुविशारद जुझेप्पे पोज्जीच्या आराखड्यानुसार तट पाडला, पण काही वेशी राखल्या. पोर्ता सान गाल्लो आणि पोर्ता आल प्रातो आज वाहतुकीच्या गराड्यात एकट्या उभ्या दिसतात. आर्नो नदीच्या दक्षिणेला तट बराचसा शाबूत आहे. सान निक्कोलोपासून त्याच्या कडेकडेने फोर्ते दि बेल्वेदेरे या किल्ल्यापर्यंत जाणं ही माझी सगळ्यात आवडती फेरी.

घुमटाचं काम छान झालंय. वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात खालून लाकडी सांगाड्याचा आधार न घेता तो उभारला. त्याच्या आठ पांढऱ्या फासळ्या लांबूनही स्वच्छ दिसतात. शेजारचा जोत्तोचा मनोरा मात्र जवळ गेल्यावर वितळलेल्या मेणबत्तीसारखा दिसतो. पोन्ते व्हेक्कियो या जुन्या पुलाच्या कमानी बुजलेल्या आहेत. १९४४ मध्ये जर्मन सैन्याने माघार घेताना शहरातले बाकीचे पूल उडवले, हा एकच राहिला. त्याची अशी भिंत झालेली बघवत नाही. आणखी एक अडचण सावल्यांची. मूळ छायाचित्रांतल्या सावल्या छपरांवर छापूनच आल्यात. त्यामुळे संध्याकाळी सिमचा सूर्य एकीकडे आणि गल्लीतली सावली भलतीकडे. दुपारी उडलात तर हे कमी खटकतं.

आता विमानतळ. अमेरिगो व्हेस्पुच्ची विमानतळ शहराच्या वायव्येला पेरेतोलात आहे. धावपट्टी ०५/२३ (एकाच पट्टीच्या दोन दिशांचे क्रमांक), लांबी सुमारे १,७५० मीटर, आणि उत्तरेला ९३४ मीटर उंचीचा मोंते मोरेल्लो. डोंगरामुळे विमानं साधारणपणे नैर्ऋत्येकडून येऊन ०५ वर उतरतात आणि उलट दिशेने, २३ वरून, उडतात. म्हणजे उतरताना वारा समोरून मिळाला, तर तोच वारा उडताना पाठीवर येतो. एअरबस ए३१९ हे प्रवासी जेट घेऊन लाइव्ह, म्हणजे त्या क्षणीच्या खऱ्या, हवामानात इथे उतरणं हा खरा कस आहे. नैर्ऋत्येचा वारा वाढून टेलविंड, म्हणजे पाठीवरचा वारा, १० नॉटच्या पुढे गेला की ०५ चा नाद सोडायचा आणि पिसा किंवा बोलोन्या गाठायचं. खऱ्या विमानांवरही इथे हीच वेळ येते.

अ‍ॅड-ऑनमध्ये टर्मिनल, धावपट्टीवरच्या खुणा आणि रात्रीचे दिवे मन लावून केलेत. निराशा केली ती सिमच्या एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाने. तो फक्त वारा बघतो. नैर्ऋत्येचा वारा असला की बिनदिक्कत डोंगराकडून २३ वर यायला सांगतो. त्याचं न ऐकता चार्ट (वैमानिकांचा विमानतळ-नकाशा) बघूनच उडावं.

शहरावर फ्रेमरेट पडतो, म्हणजे चित्र अडखळतं, नेट संथ असेल तर घरं उशिरा उमटतात. रोलिंग कॅशे (उतरवलेली दृश्यं साठवायची डिस्कवरची जागा) वाढवल्यावर बराच फरक पडला. नुसती जेट उडवणाऱ्यांना विमानतळाचं अ‍ॅड-ऑन पुरेसं आहे. शहर बघायचं असेल तर छोटं, वर पंख असलेलं विमान घ्या. खाली पंख असले की नेमकी हवी ती गल्लीच झाकली जाते.