गोठून फुटलेल्या बोटीच्या मोटरची दुरुस्ती : रंग द्यायच्या आधी तपासून घ्या

बोटीला मागून लावायची मोटर, म्हणजे आउटबोर्ड, गोठून फुटलेली असेल आणि ती नागपुरात दुरुस्तीला द्यायचा विचार असेल, तर हे वाचून मग द्या. आमच्या काकांचे २२ हजार रुपये यात गेलेत, आणि तोच दुरुस्तीवाला आता दुसऱ्यांच्या मोटरी घेतोय असं कानावर आलं म्हणून लिहितोय.

काका रामटेकजवळ खिंडसी तलावावर मासेमारी करतात. त्यांनी श्रीनगरहून एक जुनी मोटर घेतली. गिअरकेसला (पंखा फिरवणारे गिअर आणि तेल ज्यात असतं त्या खालच्या डब्याला) तडा आहे हे विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं आणि किंमतही त्या हिशेबानेच लावली होती, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार नाही. तिकडे हिवाळ्यात दल सरोवर गोठतं, तिथे हे होतच असतं. जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्याच्या मागे शाफ्टला गुंडाळला जातो आणि रबरी सील कापतो. मग गिअरकेसमध्ये पाणी शिरतं. ते तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी जाऊन बसतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव काम तेवढं ताणत नाही, ते तडकतं.

नागपुरातल्या त्या दुरुस्तीवाल्याने सगळं अगदी बरोबर सांगितलं, तिथेच आमचा विश्वास बसला. गिअर, बेअरिंग बाहेर काढणार, धातूत मुरलेलं तेल तापवून घालवणार (नाहीतर वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रं राहतात), मग आर्गन वेल्डिंग आणि दोन्ही सील नवे. बिलावर मात्र नुसतं ‘गिअरकेस रिपेअर, सील, ऑइल’. मोटर परत आली ती नवा करडा रंग लावून, चकाचक. पिंपात बुडवून चालू करून दाखवली, पाण्याची धारही मस्त पडत होती. पण ती धार फक्त इंजिन थंड करणारा पंप चालतोय एवढंच सांगते. गिअरकेस गळते की नाही, हे त्यावरून कळत नाही.

थोडे दिवस तलावावर चालवून काकांनी खालचा स्क्रू काढला तर तेल ताकासारखं पांढरं आलं. हिंगणा एमआयडीसीतल्या एका खरादवाल्याने आमच्यासमोर रंग खरवडला. खालून राखाडी लेपाचे पापुद्रे निघाले, एम-सीलसारखा लेप, नखानेही सुटत होता. त्याखाली तडा जसाच्या तसा, तेलाने काळा पडलेला. वेल्डिंगचा एक टाकासुद्धा नाही. पंखा काढला तर हिरवा नायलॉन दोरा अजून शाफ्टवरच आवळलेला, आणि सील जुनंच, ओठ कापलेलं. म्हणजे गिअरकेस उघडलीच नव्हती.

जाब विचारला तर म्हणतो, “भाऊ, डिसेंबरात केवढी थंडी पडली, आतलं पाणी गोठलं असन, त्यानंच पुन्हा फुटली. त्याले मी काय करू?” हे ऐकून काका गप्पच झाले, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. पाणी गोठायला पारा शून्याला यावा लागतो. नागपुरात कडाक्याची थंडी म्हणून ज्या डिसेंबर २०१८ ची आठवण काढतात, तेव्हासुद्धा पारा ३.५ अंशांवर थांबला होता. नागपूरच्या थंडीने गिअरकेस फुटत नाही. असं कोणी सांगितलं तर ते सरळ खोटं आहे.

मोटर देण्याआधी तड्याचे फोटो काढा. वेल्डिंग झाल्यावर, रंग द्यायच्या आत, स्वतः जाऊन बघा. तेलाच्या वरच्या छिद्रातून हातपंपाने १० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा भरून घ्या आणि वरून साबणाचं पाणी सोडा. पंपाच्या दाबाचा काटा हलायला नको, बुडबुडा यायला नको. दुरुस्तीवाला याला नाही म्हणाला तर मोटर उचलून आणा. तडा बेअरिंगच्या बैठकीपर्यंत गेला असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने बैठक वाकडी होते, तिथे दुसरी गिअरकेसच घ्यावी. जुने सुटे भाग परत मागा आणि बिलावर प्रत्येक काम वेगळं लिहून घ्या.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पोट भरण्यासाठी स्वतः चालवायची वस्तू असली तरी ग्राहक कायद्याचं संरक्षण मिळतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. खरवडलेला लेप, ते सील आणि दोरा पिशवीत घालून ठेवलाय. पैसे परत मिळाले नाहीत तर हे सगळं आयोगापुढे ठेवणार आहोत.