कॉन्करंटहॅशमॅपमधून व्हॅल्यू काढताना: गेट, गेटऑरडिफॉल्ट की कंप्युटइफअ‍ॅब्सेंट?

पावसाळ्यात खडकवासला धरणातल्या पाण्याचा आकडा पुणेकर दिवसातून कितीदा बघतात, याला सुमार नाही. समजा, त्यासाठीच तुम्ही जावात एक सर्व्हिस लिहिताय. मॅपमध्ये, म्हणजे नाव दिलं की त्यापुढची व्हॅल्यू देणाऱ्या रचनेत, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणांची नावं आणि प्रत्येकापुढे ताजा साठा. आकडा अधूनमधून बदलतो, वाचणारे थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग) मात्र ढीगभर.

मॅप कोणता, हे लवकर ठरतं. हॅशटेबल आणि सिंक्रोनाइझ्डमॅप सुरक्षित आहेत, पण दोन्हींत अख्ख्या मॅपला एकच लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. कुणालाच काही बदलायचं नसलं तरी पानशेत वाचणारा टेमघर वाचणाऱ्याला खोळंबून ठेवतो. २००४ साली जावा ५ सोबत आलेल्या कॉन्करंटहॅशमॅपमध्ये गेट, म्हणजे व्हॅल्यू वाचणं, लॉकसाठी थांबत नाही. तोच घ्या.

खरा विचार व्हॅल्यू काढण्याचा. आधी कंटेन्सकी (नोंद आहे का?) विचारून मग गेट करू नका. त्या दोहोंच्या मधल्या क्षणी दुसरा थ्रेड नोंद काढून टाकू शकतो. एकदाच गेट करा, उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि नल (म्हणजे ‘काहीच नाही’) आहे का ते तपासा. हा मॅप नल साठवूच देत नाही, म्हणून इथे नलचा अर्थ एकच: नोंद नाही. साध्या हॅशमॅपमध्ये ही खात्री मिळत नाही.

गेटऑरडिफॉल्ट दिसायला सुटसुटीत आहे, पण या कामाला मी ते वापरणार नाही. डिफॉल्ट शून्य दिलं, तर नोंद नसलेलं धरण कोरडं दिसेल, आणि पाण्याच्या बाबतीत असली चुकीची माहिती लोकांपुढे जाता कामा नये. शिवाय ते डिफॉल्ट मॅपमध्ये साठवलं जात नाही.

नोंद नसेल तर डेटाबेसमधून आणायची असेल, तेव्हा कंप्युटइफअ‍ॅब्सेंट. एकाच नावासाठी दहा थ्रेड आले तरी आणण्याचं काम एकच थ्रेड करतो. पण ते चालू असेपर्यंत त्याच बिनमध्ये (मॅपच्या आतल्या त्याच कप्प्यात) लिहू पाहणारे अडकतात, म्हणून आतलं काम छोटं हवं. जावा ८ मध्ये तर नोंद आधीच असली तरी ते लॉक घेतं. तिथे आधी गेट आणि नल आलं तरच कंप्युटइफअ‍ॅब्सेंट, हा क्रम ठेवा. आतल्या फंक्शनमधून त्याच मॅपला हात लावू नका: जावा ८ मध्ये थ्रेड कायमचा अडकू शकतो, जावा ९ पासून बऱ्याचदा इलीगलस्टेटएक्सेप्शन येतं. काम संथ असेल आणि दोनदा झालं तरी बिघडत नसेल, तर गेट आणि पुटइफअ‍ॅब्सेंट ही जोडी बरी. फक्त एक लक्षात ठेवा: नोंद नसेल तरच साठवणारं पुटइफअ‍ॅब्सेंट जुनी व्हॅल्यू परत देतं. नल आलं तर तुमचीच नवी व्हॅल्यू साठली असं समजा.

एका कामाला मात्र यातलं काहीच पुरत नाही: चारही धरणांची बेरीज. एकूण क्षमता २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं आत्ता किती भरलंय, हे चार वेगवेगळी गेट करून काढलं तर दोन आकडे जुने आणि दोन नवे असं होऊ शकतं. तिथे दर अपडेटला चारही आकड्यांचा न बदलणारा नवा मॅप तयार करा आणि व्होलाटाइल रेफरन्स (ज्यातला बदल सगळ्या थ्रेडना लगेच दिसतो) त्याच्याकडे वळवा. वाचणाऱ्याने तो रेफरन्स एकदाच घेऊन त्यातूनच चारही आकडे काढावेत.