साधा पंखा की बीएलडीसी?

भाच्याला तीन खोल्यांसाठी पंखे हवेत, बजेट ६,००० रुपये. साधा पंखा समजा १,५०० चा, बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा, कमी वीज खाणारा) ३,००० चा. जाहिरातीतले वीजबचतीचे टक्के सोडा, पंखा किती तास चालतो ते मोजा.

साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी ३०. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. ८ रुपये दराने सुमारे १३० रुपये. जास्तीचे दीड हजार वर्षभरात वसूल! पाहुण्यांच्या खोलीत तासभरच चालणाऱ्या पंख्याला त्यासाठी बारा वर्षं लागतील.

दुरुस्ती? साध्याचा कपॅसिटर कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन बदलतो. बीएलडीसीचं सर्किट गेलं की कंपनीच्या माणसाची वाट बघा.

म्हणून बेडरूममध्ये बीएलडीसी, बाकी दोन साधे. घरी इन्व्हर्टर असेल तर बीएलडीसीला आणखी एक मत, कमी वीज खाल्ल्याने बॅटरी जास्त वेळ पुरते. वरचेवर घर बदलणाऱ्या भाडेकरूने साधेच घ्यावेत.